घरी गिटार वाजवताना: संगणकातील ॲम्प्लिफायर की व्हॉल्व्हचा?

सोलापूर-पुणे राष्ट्रीय महामार्गावरील मोहोळ हे तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे शहर येथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. येथील एखाद्या महाविद्यालयीन युवकाला इलेक्ट्रिक गिटार हवी असेल तर ती आज मोबाइलवरून मागवता येते आणि काही दिवसांत घरपोच मिळते. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. तिच्या तारांखाली बसवलेल्या चुंबक व तारेच्या गुंडाळीत, म्हणजे पिकअपमध्ये, जो क्षीण विद्युतसंकेत तयार होतो, त्याला मोठे करून ऐकवणारे यंत्र लागते. त्या यंत्राला ॲम्प्लिफायर, बोलीभाषेत 'ॲम्प', म्हणतात.

हा ॲम्प घेण्याचे आज दोन मार्ग आहेत. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा खरा ॲम्प विकत घेणे हा पहिला. घरातील संगणकावर अशा ॲम्पची हुबेहूब नक्कल करणारे सॉफ्टवेअर चालवणे हा दुसरा. पहिल्याच्या बाजूने साठ-सत्तर वर्षांची परंपरा आहे, तर दुसऱ्याच्या बाजूने सोय आणि कमी खर्च. 'व्हॉल्व्हची सर कशालाच नाही' हे वाक्य जगभरातील गिटारवादकांच्या तोंडी असते आणि ते ऐकून अनेक जण ऐपतीबाहेरचा खर्च करतात. म्हणूनच या दोन्ही मार्गांचे गुणदोष, त्यामागील विज्ञान आणि आपल्याकडील घरांची परिस्थिती यांचा एकत्र विचार करणे आवश्यक ठरते.

ॲम्प हाही वाद्याचाच भाग

घरातील टेपरेकॉर्डरचा किंवा सभेतील लाउडस्पीकरचा ॲम्प मूळ आवाजात कोणताही फरक न करता तो मोठा करील, अशी अपेक्षा असते. गिटारच्या ॲम्पकडून अपेक्षा याच्या उलट आहे. त्याने आवाजात भर घालावी, त्याला रंग द्यावा, जोरात वाजवल्यास तो थोडा 'फाटावा' आणि तो फाटणेही कानाला गोड लागावे, असे वादकाला वाटते. सतारीत भोपळ्याचे जे स्थान, काहीसे तेच इलेक्ट्रिक गिटारमध्ये ॲम्पचे आहे.

ही आवड मुळात एका मर्यादेतून जन्मली. अमेरिकेतील फेंडर कंपनीचे १९५० च्या दशकातील ॲम्प त्यांच्या क्षमतेपलीकडे वाजवले की आवाज फाटत असे. तो टाळण्यासाठी अभियंते झटत होते आणि वादक मात्र त्याच्या प्रेमात पडत होते. फेंडरच्या 'बासमन' या ॲम्पच्या रचनेवरून लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास 'जेटीएम ४५' हा ॲम्प तयार झाला. त्याच सुमारास 'व्हॉक्स एसी ३०' हा ब्रिटिश ॲम्प नावारूपाला आला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या वाद्यवृंदासोबत मार्शलचा ॲम्प स्टुडिओतही पूर्ण जोराने वाजवून ध्वनिमुद्रण केले. तो आवाज पुढील पिढ्यांसाठी आदर्श बनला. आज सॉफ्टवेअरमध्ये ज्या ॲम्पच्या नकला मिळतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या तीन घराण्यांत सापडते.

व्हॉल्व्हमध्ये असे काय आहे?

ज्यांच्या घरी पूर्वी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना तो सुरू केल्यावर आवाज येण्यास लागणारा काही क्षणांचा वेळ आठवत असेल. निर्वात काचनळीतील तंतू तापल्यावर त्याभोवतीच्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या धन पट्टीकडे धावतात. मध्ये बसवलेल्या बारीक जाळीवर गिटारचा संकेत दिला की या प्रवाहावर त्याचे नियंत्रण राहते. जाळीवरील सूक्ष्म चढउतार पट्टीवर मोठा होऊन उमटतो. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये अशी तीन घटकांची नळी बनवली आणि रेडिओयुगाचा पाया घातला गेला. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. पुढे रेडिओ, दूरचित्रवाणी आणि संगणकातून व्हॉल्व्ह हद्दपार झाला, पण गिटारच्या ॲम्पमध्ये मात्र तो टिकून राहिला.

त्याचे कारण व्हॉल्व्हच्या वागणुकीत आहे. क्षमतेपेक्षा मोठा संकेत आला की साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये ध्वनिलहरीचा माथा एकदम सपाट कापला जातो. त्यातून कर्कश उपस्वर निर्माण होतात. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये लहरीचा माथा हळूहळू दबतो. हलक्या हाताने वाजवले तर आवाज स्वच्छ, जोर दिला तर भरदार, आणखी जोर दिला तर फाटलेला, अशा पायऱ्या वादकाला बोटांनी गाठता येतात. त्यात वीजपुरवठ्याचा भाग, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि कागदी शंकूचा स्पीकर यांचाही वाटा असतो. जोरदार आघात झाला की वीजपुरवठ्याचे व्होल्टेज क्षणभर खाली येते आणि पुन्हा सावरते. वादकाला ॲम्प आपल्या हाताखाली 'श्वास घेतो' असे वाटते, ते यामुळे.

येथेच एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. या गुणांपैकी बरेचसे ॲम्पच्या शेवटच्या टप्प्यातील मोठ्या व्हॉल्व्हमधून, ट्रान्सफॉर्मरमधून आणि स्पीकरमधून येतात. ते सर्व घटक जोरात काम करू लागल्याशिवाय हे गुण पूर्णपणे प्रकट होत नाहीत. व्हॉल्यूमचे बटण एकवर ठेवून वाजवलेला महागडा व्हॉल्व्हचा ॲम्प आपली अर्धी पुंजी झाकूनच ठेवतो.

जोराचा हिशेब

मग घरात तो जोरात वाजवता येईल का? थोडा हिशेब करून पाहू. गिटारच्या ॲम्पमधील १२ इंची स्पीकरला केवळ एक वॅट शक्ती दिली, तर एक मीटर अंतरावर साधारण ९७ ते १०० डेसिबल आवाज मिळतो. शक्ती दुप्पट केली की तीन डेसिबल वाढतात. दसपट केली की दहा डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. या हिशेबाने १५ वॅटचा ॲम्प पूर्ण क्षमतेने वाजवल्यास एक मीटरवर १०९ डेसिबलच्या आसपास आवाज होतो. १०० वॅट आणि १० वॅट यांत कानाला जाणवणारा फरक दुपटीचाच असतो. त्यामुळे 'घरासाठी म्हणून मी लहान, पाच वॅटचा घेतला' असे म्हणणाऱ्याचे शेजारीही सुखाने झोपू शकत नाहीत.

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही परिसरातील आवाजाची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा अथवा वाद्याचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये, अशीही तरतूद आहे. भिंतींमुळे आवाज काहीसा अडतो हे खरे. परंतु पत्र्याचे छप्पर, भिंतीला लागून भिंत आणि उघड्या खिडक्या हे आपल्याकडील घरांचे नेहमीचे चित्र आहे. अशा घरात शंभर डेसिबलचा आवाज सीमेपर्यंत पन्नासवर येईल, ही आशा व्यर्थ आहे. शेजारी दहावी-बारावीचा विद्यार्थी असेल तर नियमांची पुस्तके उघडण्याचीही गरज पडत नाही.

वादकाच्या स्वतःच्या कानांचा प्रश्न याहून गंभीर आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास ऐकणे ही सुरक्षिततेची सीमा मानली जाते. त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला हा काळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो अवघा १५ मिनिटे आणि १०९ डेसिबलला सुमारे दोन मिनिटे उरतो. अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत रोज दोन तास सराव करू इच्छिणाऱ्याने हा आकडा विसरू नये.

संगणकात ॲम्प कसा उतरतो?

ॲम्पची नक्कल करण्याच्या तंत्राला मॉडेलिंग म्हणतात. जपानच्या रोलँड कंपनीने १९९५ मध्ये 'व्हीजी ८' हे यंत्र आणले. अमेरिकेतील लाइन ६ कंपनीने १९९६ मध्ये मॉडेलिंगचा ॲम्प आणि १९९८ मध्ये 'पॉड' हे तांबड्या रंगाचे, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचे उपकरण बाजारात आणले. घरात ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी ते उचलून धरले. पुढे संगणकावर थेट चालणारी सॉफ्टवेअर आली. इटलीतील आयके मल्टिमीडियाचे 'ॲम्प्लिट्यूब' २००२ चे, तर जर्मनीतील नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचे 'गिटार रिग' २००४ चे. त्या काळातील संगणकांची ताकद बेताची होती. त्यामुळे त्या नकलांत एक प्रकारचा कोरडेपणा जाणवत असे आणि व्हॉल्व्हच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे तेव्हा बरेचसे खरे होते.

आज मॉडेलिंगच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत ॲम्पचा आराखडा समोर ठेवून त्यातील प्रत्येक व्हॉल्व्ह, रोधक आणि संधारक यांचे वर्तन गणिती समीकरणांत मांडले जाते. संगणक ही समीकरणे सेकंदाला हजारो वेळा सोडवतो. या पद्धतीत मूळ ॲम्पवरील सर्व बटणे पडद्यावरही तशीच फिरतात.

दुसऱ्या पद्धतीत ॲम्पच्या आत डोकावलेही जात नाही. ठराविक चाचणी-ध्वनी त्यात सोडायचे, बाहेर काय आले ते मुद्रित करायचे आणि दोहोंमधील नाते यंत्राने शिकायचे. जर्मनीच्या केम्पर कंपनीने २०११ मध्ये आणलेल्या यंत्राने ॲम्पची अशी 'छबी' टिपण्याची कल्पना लोकप्रिय केली. त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेतील न्यूरल नेटवर्कचे तंत्र येथे आले. फिनलंडमधील न्यूरल डीएसपी ही कंपनी या क्षेत्रात आघाडीवर आहे. स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी तयार केलेले 'न्यूरल ॲम्प मॉडेलर' हे सॉफ्टवेअर तर मुक्तस्रोत असून विनामूल्य मिळते. जगभरातील वादक आपल्या ॲम्पच्या छब्या टिपून इतरांना वापरण्यास देतात. मोहोळमध्ये बसून लंडनमधील एखाद्या जुन्या मार्शलची छबी आपल्या गिटारला जोडता येते, ही किमया या पद्धतीची. तिची मर्यादाही ध्यानात घ्यावी. साधी छबी ही ॲम्पच्या एकाच मांडणीची असते. मूळ ॲम्पवर बटण फिरवल्याने जो बदल झाला असता, तो तिच्यात आपोआप उतरत नाही.

या साखळीतील आणखी एक दुवा अत्यंत महत्त्वाचा आहे, तो म्हणजे स्पीकर. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढील तीक्ष्ण आवाज फारसा सोडतच नाही. ही चाळण नसेल तर फाटलेला आवाज डासांच्या गुणगुणण्यासारखा लागतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये स्पीकर, त्याची पेटी आणि समोरचा मायक्रोफोन यांचा 'ठसा' स्वतंत्र फाइलच्या रूपाने जोडतात. त्याला इम्पल्स रिस्पॉन्स अथवा 'आयआर' म्हणतात. नवशिक्याला सॉफ्टवेअरचा आवाज वाईट वाटतो तेव्हा दोष पुष्कळदा ॲम्पच्या नकलेत नसून या ठशाच्या निवडीत असतो.

मग उणीव कोठे जाणवते?

व्हॉल्व्हच्या पुरस्कर्त्यांचा सगळाच आक्षेप भ्रामक आहे असे नाही. त्यांची पहिली तक्रार अशी की, खऱ्या ॲम्पसमोर उभे राहिले की आवाज अंगावर येतो, विजार थरथरते, गिटारच्या तारा ॲम्पच्या आवाजाने पुन्हा कंप पावू लागतात आणि स्वर लांबत जातो. हेडफोनमध्ये हे घडणे शक्य नाही. ही तक्रार रास्त आहे. मात्र सॉफ्टवेअर ज्याची नक्कल करते तो आवाज मुळातच मायक्रोफोनने टिपलेल्या ॲम्पचा असतो, खोलीत उभे राहून ऐकलेल्या ॲम्पचा नव्हे. आपण ध्वनिमुद्रिकांतून आयुष्यभर ऐकत आलो तोही मायक्रोफोनने टिपलेलाच आवाज होता. त्या आवाजाशी तुलना केली, तर आजची चांगली मॉडेल मूळ ॲम्पच्या इतकी जवळ आली आहेत की केवळ ध्वनिमुद्रण ऐकून दोन्ही वेगळे ओळखणे जाणकारालाही अवघड जाते.

दुसरी तक्रार विलंबाची. गिटारचा संकेत संगणकात जाऊन, प्रक्रिया होऊन, पुन्हा बाहेर येण्यास काही वेळ लागतो. संगणक नमुने गोळा करून एकदम हाताळतो. सेकंदाला ४८ हजार नमुने घेत असताना १२८ नमुन्यांचा गठ्ठा केला तर एका गठ्ठ्याला २.७ मिलिसेकंद लागतात, १०२४ चा केला तर २१. जाताना आणि येताना असा हा विलंब दोनदा होतो आणि यंत्रांचा थोडा वेळ त्यात मिसळतो. हवेतून ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ॲम्पपासून तीन मीटरवर उभ्या वादकालाही नऊ मिलिसेकंद उशिरानेच आवाज ऐकू येतो. तेवढ्या विलंबाने कोणाची लय बिघडत नाही. चाळीस मिलिसेकंदांच्या विलंबाने मात्र निश्चित बिघडते. सॉफ्टवेअरची ही तक्रार योग्य मांडणीने जवळजवळ दूर होते. ती कशी, ते पुढे पाहू.

तंबोऱ्याचा दाखला

महाराष्ट्राला हा वाद अगदीच नवा नाही. मोहोळ स्थानकावरून कुर्डुवाडी गाठली की तेथून पंढरपूरमार्गे रेल्वेने मिरजेला जाता येते. तंतुवाद्यांच्या निर्मितीसाठी देशभर विख्यात असलेल्या या गावाच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा निवडणे, तो वाळवणे, जवारी काढणे ही तेथील कारागिरांची पिढीजात विद्या आहे. दुसरीकडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला, पुढे घरोघरी पोहोचला आणि आता तो मोबाइलमधील ॲपमध्येही सामावला आहे.

गायकांनी या दोहोंत कशी वाटणी केली, ते पाहण्यासारखे आहे. पहाटेच्या रियाजाला, प्रवासात, भाड्याच्या खोलीत यंत्राचा तंबोरा चालतो, कारण तो कधीही सुरात असतो आणि वाजवायला दुसरे माणूस लागत नाही. मैफलीत मात्र गवयाच्या मागे आजही जवारीदार तंबोऱ्याची जोडी दिसते. यंत्राने मिरजेचा तंबोरा संपवला नाही आणि तंबोऱ्याच्या श्रेष्ठतेमुळे कोणी यंत्रावरचा रियाज थांबवला नाही. प्रत्येकाची जागा ठरली. गिटारच्या बाबतीतही हीच वाटणी शहाणपणाची आहे.

वीज, दुरुस्ती आणि खर्च

व्हॉल्व्हचा ॲम्प घेताना आपल्याकडे तीन गोष्टींचा विचार करावाच लागतो. पहिली वीज. आपला घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा, अमेरिकेतील १२० व्होल्टचा. परदेशातील नातेवाइकाकडून आणवलेला ॲम्प येथे थेट जोडला तर क्षणार्धात जळू शकतो. ग्रामीण भागात शेतीपंपांच्या वेळेनुसार व्होल्टेज वरखाली होते. व्हॉल्व्हचा तंतू ठराविक व्होल्टेजवर चालण्यासाठी बनवलेला असल्याने त्याचे आयुष्य अशा चढउतारांनी घटते. चांगला स्टॅबिलायझर आणि खरोखर जमिनीशी जोडलेले अर्थिंग या दोन्ही गोष्टी अनिवार्य समजाव्यात. वीज गेली तर ॲम्प मुका होतो. लॅपटॉप आणि त्यावरून शक्ती घेणारे उपकरण बॅटरीवर तासभर तरी चालत राहते.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. शेवटच्या टप्प्यातील व्हॉल्व्ह झिजतात आणि नियमित वापरात काही वर्षांनी बदलावे लागतात. नव्या व्हॉल्व्हनुसार अनेक ॲम्पमध्ये 'बायस' नव्याने जुळवावा लागतो. एकेकाळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होत. ते युग सरले. आज गिटारच्या ॲम्पला लागणारे बहुतेक व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन या तीन देशांतील मोजक्या कारखान्यांतून येतात. युक्रेनयुद्धानंतर २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा जगभर व्हॉल्व्हचा तुटवडा होऊन किमती वाढल्या होत्या. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारी कारागिरांची पिढीही आता वार्धक्यात आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची. व्हॉल्व्हच्या ॲम्पच्या आत तीनशे ते पाचशे व्होल्टचा दाब असतो आणि त्यातील संधारक वीज बंद केल्यानंतरही तो साठवून ठेवू शकतात. प्लग काढला म्हणून आत हात घालणे जिवावर बेतू शकते. जाणकार तंत्रज्ञाखेरीज कोणीही तो उघडू नये. त्याचप्रमाणे स्पीकर जोडल्याशिवाय असा ॲम्प कधीही चालवू नये. त्यामुळे त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची शक्यता असते.

खर्चाचे पारडे उघड आहे. व्हॉल्व्हचा लहानसा ॲम्पही पाच आकडी रकमेच्या खाली सहसा येत नाही आणि नामांकित कंपनीचा मध्यम आकाराचा ॲम्प लाखाचा पल्ला सहज ओलांडतो. घरात संगणक असेल तर सॉफ्टवेअरच्या मार्गाने लागणारा मुख्य खर्च म्हणजे ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन. हे दोन्ही त्याच्या एका अंशात येतात. प्रारंभी सॉफ्टवेअरवर रुपयाही खर्च करण्याचे कारण नाही. न्यूरल ॲम्प मॉडेलर, लिनक्सवर चालणारे गिटारिक्स आणि ॲपलच्या संगणकांसोबत येणारे गॅरेजबँड हे विनामूल्य पर्याय उपलब्ध आहेत.

घरी मांडणी कशी करावी?

अनेकांचा सॉफ्टवेअरबाबत भ्रमनिरास होतो तो मांडणीतील चुकांमुळे. पुढील बाबी सांभाळल्यास तो टळू शकतो.

* गिटार संगणकाच्या माइकच्या छिद्रात थेट जोडू नये. पिकअपला उच्च रोधाचा, साधारण दहा लाख ओहमचा, प्रवेश लागतो. ऑडिओ इंटरफेसवर तो 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झेड' या नावाने असतो. येथे चूक झाली तर आवाज मंद आणि निर्जीव होतो.

* विंडोज वापरणाऱ्यांनी इंटरफेसच्या कंपनीचा 'एएसआयओ' ड्रायव्हर घ्यावा आणि बफर १२८ नमुन्यांवर ठेवून पाहावा. आवाज तुटू लागला तर २५६ वर न्यावा.

* ब्लूटूथ हेडफोन सरावासाठी वापरू नयेत. त्यांचा विलंब शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जातो. साधे वायरचे, पण बऱ्या दर्जाचे हेडफोन घ्यावेत.

* सर्वांत जोराचा आघात केला तरी इंटरफेसवरील लाल दिवा लागणार नाही, एवढाच प्रवेशाचा गेन ठेवावा. आवाज फाटायचा तो सॉफ्टवेअरमधील ॲम्पमध्ये. इंटरफेसमध्येच फाटलेला आवाज पुढे दुरुस्त होत नाही.

* स्पीकरचा ठसा, म्हणजे आयआर, एकच वापरावा. सॉफ्टवेअरचा आवाज खऱ्या गिटार ॲम्पमधून ऐकायचा असेल तर हा ठसा बंद करावा, अन्यथा आवाज दोनदा गाळला जाऊन घुसमटतो.

* लॅपटॉपचा चार्जर जोडल्यावर गुणगुण वाढत असेल तर तो काढून वाजवून पाहावे आणि घरातील अर्थिंग तपासून घ्यावे.

* हेडफोनमधील आवाजही कानांना तितकाच अपायकारक होऊ शकतो. तो मर्यादेत ठेवून तासाभराने कानांना विश्रांती द्यावी.

याशिवाय एक पथ्य पाळावे. सॉफ्टवेअरमध्ये शेकडो ॲम्प असतात आणि सरावाचा तास ते चाळण्यातच निघून जातो. नवशिक्याने एक स्वच्छ आणि एक फाटका असे दोनच आवाज निवडून महिनाभर त्यांवरच हात बसवावा.

खरा ॲम्प केव्हा घ्यावा?

वाद्यवृंदात नियमित वाजवू लागलेल्या, सरावाला स्वतंत्र जागा असलेल्या आणि हातात बऱ्यापैकी तयारी आलेल्या वादकाने व्हॉल्व्हचा ॲम्प घेण्याचा विचार जरूर करावा. ढोल, ड्रम आणि कीबोर्डच्या गर्दीत हवा हलवणारा स्पीकर लागतोच. आपल्याकडील मिरवणुकांतील बँजो पार्टीला हे वेगळे सांगावे लागत नाही. चांगल्या व्हॉल्व्हच्या ॲम्पवर हलका आणि जड आघात यांतील फरक इतका स्पष्ट उमटतो की तो वादकाला बोटांची शिस्त लावतो. सोलापूर वा पुण्यात एखाद्या परिचिताकडे किंवा सराव-स्टुडिओत असा ॲम्प असेल तर त्यावर काही तास वाजवून पाहावे. खरा ॲम्प हाताखालून गेलेला वादक सॉफ्टवेअरमधील बटणेही अधिक समजून फिरवतो.

व्यावसायिक रंगमंचावरही चित्र पालटते आहे. ज्या फेंडर कंपनीपासून ही परंपरा सुरू झाली, त्याच कंपनीने २०१९ मध्ये आपल्या प्रसिद्ध 'ट्विन रिव्हर्ब' या ॲम्पची डिजिटल आवृत्ती आणली. व्हॉल्व्हची आवृत्ती सुमारे २९ किलोची, तर डिजिटल सुमारे १५ किलोची आहे. एसटीने किंवा दुचाकीवरून कार्यक्रमाला जाणाऱ्या कलावंताला या १४ किलोंचे मोल निराळे सांगायला नको.

व्हॉल्व्हच्या ॲम्पची थोरवी त्याच्या जोरात आहे आणि तो जोर राहत्या घरात वापरता येत नाही. न वापरता येणाऱ्या गुणासाठी कर्ज काढणे किंवा वडिलांच्या ऊसबिलाची वाट पाहणे योग्य नव्हे. मोहोळसारख्या गावातील होतकरू वादकाने आधी बरी गिटार, नीट जुळवलेल्या तारा, साधा ऑडिओ इंटरफेस आणि वायरचे हेडफोन एवढे साहित्य जमवावे. उरलेले पैसे शिकवणीवर खर्च करावेत. रंगमंचाची वेळ आली की ॲम्पही मिळेल. तोपर्यंत रात्री अकरा वाजताही शेजाऱ्याची झोप न मोडता सराव करता येणे, ही गोष्ट मार्शल आणि क्लॅप्टन यांच्या तारुण्यात कोणाही वादकाला लाभलेली नव्हती.